ठकीचे केस आणि विनायकराव डॉक्टर

विनायकराव डॉक्टर गेल्याचा निरोप कडावच्या शाळेत आला तेव्हा मी मुलांकडून पाढे म्हणवून घेत होतो. शाळा तशीच सोडली आणि त्यांच्या घरी, भिसेगावची वाट धरली. त्याला आता महिना होऊन गेला. कर्जतच्या दवाखान्यात त्यांचा जन्म गेला. तापट इतके, की पथ्य मोडणाऱ्याला दारातून हाकलीत आणि संध्याकाळी स्वतःच त्याच्या घरी जाऊन नाडी बघत. अशा माणसावर राग तरी किती दिवस धरायचा!

आमची ओळख झाली ती ठकीमुळे. ठकी आमच्या शेजारच्या कुणब्याची दहा वर्षांची लेक, लग्न झालेली, पण अजून माहेरीच. पोटात नारळाएवढा टणक गोळा, खाल्लेले ठरेना, हातापायांच्या काड्या झालेल्या. तिची आई ठकीचे विंचरून निघालेले गुंतवळ करणीच्या भीतीने भिंतीच्या भोकात कोंबून ठेवी, आणि ते नाहीसे होई. भगताने सांगितले, शेजारणीने केस नेऊन करणी केली. शेजारीण म्हणजे आमचे कुटुंब! आमच्या दारी कुणी विस्तव मागायलाही येईना. शेवटी मीच हट्टाने ठकीला बैलगाडीत घालून कर्जतला नेले. आई बरोबर होती, माझ्याशी एक शब्द न बोलता.

डॉक्टरांनी पोट चाचपले, मग हळूच तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारला. कानामागे तळहाताएवढी जागा उघडी... गुंतवळाची हकिगत ऐकून ते तिला म्हणाले, "बाळ, केस खातेस ना? मी रागावणार नाही."

"खाते... हात ऱ्हातच नाय."

"अगं, मंग भिताडातलं बी तूच खाल्लंस?" आई म्हणाली.

मुंबईला नेऊन पोट चिरावे लागेल, पोर जगेलच असा भरवसा नाही, हे डॉक्टरांनी आईला स्वच्छ सांगितले. रजा काढून आगगाडीने स्वतः बरोबर गेले. जठराच्याच आकाराचा केसांचा गोळा निघाला आणि पोरगी वाचली. पण डॉक्टर म्हणत, "मास्तर, गोळा काढला, खोड कुठे काढली?" आईने उपाय शोधलाच होता. "डोई भादरून टाकते, मंग काय खाईल?" डॉक्टर कडाडले, "तिच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही! केस तिचे आहेत. ते राखायला तीच शिकेल."

दर बाजाराच्या दिवशी ते ठकीला बोलावीत, जखमेच्या पट्ट्या गुंडाळायला बसवीत आणि नुसते विचारीत, "हा आठवडा कसा गेला?" पुन्हा खाल्ले म्हणाली तरी आवाज चढत नसे. वर्षभर हे चालले. तो तापट माणूस एवढा धीर कुठून आणी, मला आजही कळत नाही.

डॉक्टर गेल्यावर दहाव्या दिवशी त्यांच्या घरी, विधवेचे केस उतरवण्याच्या रिवाजाप्रमाणे, न्हावी येऊन बसला. भाऊबंद डॉक्टरांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, बोलवायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे सांगून गेलेत. माझ्या डोक्याला वस्तरा लागणार नाही." एकच गलका झाला. मी मध्ये पडलो नाही, हे लाजेने कबूल करतो. दारात ठकी उभी होती, कडेवर मूल, वेणी कमरेपर्यंत. ती पुढे झाली आणि न्हाव्याला म्हणाली, "उठा दादा. हितं तुमचं काम नाय." न्हावी धोपटी उचलून निघून गेला.

परवा पुन्हा भिसेगावला गेलो होतो. डॉक्टरांची खोली उघडी होती. त्यांच्या खुर्चीशी वहिनी बसल्या होत्या आणि ठकी त्यांचे केस विंचरीत होती... सावकाश, एकही केस तुटू नये अशा बेताने. मी दारातूनच मागे फिरलो.