फळ्यांमागची फट

पोरांनो, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे कॉव्हेंट्रीला आलात आणि चौथ्या दिवशी हॉटेलात राहायला गेलात. तुमच्या आईने फार समजुतीने सांगितले होते, "आई, राग मानू नका, पण त्या खोलीत हिचा खोकला थांबतच नाही." मी राग मानला नाही. तुम्ही गेल्यावर पलंग ओढला आणि त्यामागच्या भिंतीला हात लावला. वॉलपेपर गार, मऊ लागला. कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. पुढच्या उन्हाळ्याच्या आत ही भिंत कोरडी झाली नाही, तर माझी नातवंडे माझ्याकडे फक्त जेवायला येणार, हे मला तेव्हाच कळले.

आपल्या घराचा खालचा मजला विटांचा आहे आणि वरच्या मजल्याला समोरून पांढऱ्या लाकडी फळ्या आहेत, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. इथे इंग्लंडात त्याला क्लॅडिंग म्हणतात. तुमच्या खोलीची ती भिंत त्यांच्याच मागे. घर घेतल्यापासून त्याच फळ्या होत्या. आजोबा दर चार वर्षांनी त्यांना रंग देत आले आणि त्या रंगाखाली कुजत आल्या.

मी नवी फाइल केली. तिच्यात तीन भाग: 'हवेच', 'झाले तर बरे' आणि 'नको'. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करून परवानगीचे विचारले. नव्या फळ्या जुन्यांसारख्याच दिसणार असतील तर लागत नाही, असे कळले; तरी ते मी लेखी मागवून घेतले. मग अंदाज द्यायला तिघा सुतारांना बोलावले.

पहिला फुटपाथवर उभा राहिला, वर बघितले आणि संध्याकाळी फोनवर आकडा पाठवला. दुसऱ्याने दोन चकल्या खाल्ल्या, घराचे कौतुक केले आणि खिडक्याही बदलून घ्या म्हणाला. तिसऱ्या खेपेला आजोबांनी दार उघडले, तर समोर पन्नाशीची एक बाई. आजोबा तिच्या खांद्यावरून मागे बघू लागले.

"सुतार मीच," ती म्हणाली. "मागे फक्त माझी शिडी आहे."

तिने चहा नंतर घेईन म्हणून सांगितले. शिडी लावून वरच्या कोपऱ्यातली एक फळी सोडवली, आत टॉर्च मारला, फळी परत बसवली. मग तुमच्या खोलीत जाऊन भिंत तळहाताने चाचपली, पार जमिनीपर्यंत.

"जे मी पाहिलं नाही त्याची किंमत मला सांगता येत नाही, लव्ह," ती म्हणाली. इथे कोणालाही असेच 'लव्ह' म्हणतात.

चार दिवसांनी तिचे अंदाजपत्रक आले. प्रत्येक गोष्टीची ओळ वेगळी: परांची, जुन्या फळ्या काढून नेणे, पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा पडदा, त्यावरच्या उभ्या पट्ट्या, न कुजणाऱ्या सिमेंटमिश्रित फळ्या, खिडक्यांवरचे पत्रे. सगळ्यात खाली 'उघडल्यावर निघेल ते' अशी ओळ आणि तिच्यापुढे एकूण रकमेचा दहावा हिस्सा. नोकरीत माझ्या टेबलावरून शेकडो अंदाजपत्रके गेली. इतके स्वच्छ एकही आठवत नाही. पण आकडा तिघांत मोठा होता.

आता, पुण्यात वाढलेल्या बाईला सांगितलेला भाव तसाच देणे जमत नाही. मी तिला चहाला बोलावले आणि म्हटले, "थोडं कमी करा."

"झालं," आजोबा मराठीत पुटपुटले. "आता वर कोथिंबीर फुकट मागेल."

"काय म्हणाले ते?" तिने विचारले.

"तुमचं काम तिला फार आवडलंय, असं म्हणालो," आजोबा म्हणाले.

तिने कानामागची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "हवं ते खोडा. ते नसलं तर भिंतीचं काय होईल, एवढं मी सांगते."

मी पडद्याच्या ओळीवर पेन्सिल ठेवली. तिने सांगितले. पट्ट्यांवर ठेवली. तेही सांगितले, आवाज न चढवता, अगदी थोडक्यात. मग मी शेवटच्या ओळीवर आले. "जे अजून निघालंच नाही, त्याचे पैसे मी का द्यायचे?"

"मला नकाच देऊ. तुमच्या बँकेत ठेवा. काही निघालं नाही तर नातवंडांना समुद्रावर न्या. पण तेवढे बाजूला नसतील, तर फळ्यांना आत्ता हातच लावू नका."

मी काही न खोडता पेन्सिल परत दिली. त्याऐवजी माझ्या फाइलमधला 'झाले तर बरे' हा अख्खा भाग खोडला. त्यात माझा जिन्यावरचा नवा गालिचा होता.

सप्टेंबरमध्ये परांची चढली. दुसऱ्या दिवशी तिने मला अंगणात बोलावले. हातात तपकिरी, कडक झालेल्या कागदांचे बोळे होते.

"फळ्यांमागची खालच्या कडेची सगळी फट याने भरलीय, वरून सिमेंट थापलंय. ही फट मुद्दाम ठेवतात. तिथून हवा खेळते, आत गेलेलं पाणी बाहेर पडतं. बंद केल्यामुळे ते तुमच्या भिंतीत जात राहिलं." तिने एक बोळा उलगडला. "ही भाषा कुठली?"

मराठी. कांद्याचे भाव आणि अर्धी साड्यांची जाहिरात. माझी आई पुण्याहून फराळाचे डबे याच वर्तमानपत्रांत गुंडाळून पाठवायची.

मला सगळे आठवले. या घरातला पहिला हिवाळा. तुमचे बाबा आठ महिन्यांचे, त्याच खोलीत झोपायचे, आणि फळ्यांखालून वारा शिट्टी घालायचा. आजोबा शेजाऱ्यांच्या शिडीवर, मी खालून कागदाच्या सुरळ्या देत होते. शिट्टी थांबली तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता. तुझ्या खोकल्याची सुरुवात आम्हीच करून ठेवली होती, बाळा.

हे मी तिला सांगितले. ती हसेल असे वाटले होते. तिने कागद नीट दुमडला.

"बाळ उबेत राहिलं?"

"राहिलं."

"मग त्या हिवाळ्यापुरतं काम बरोबर होतं," ती म्हणाली आणि वर चढली.

भिंतीतले खालचे लाकूड पार कुजले होते. ते बदलायला बाजूला ठेवलेल्या दहाव्या हिश्शातले बरेचसे गेले. काय लागले ते तिने ओळीओळीने लिहून दिले. नव्या फळ्यांखाली फट ठेवली आणि गांधीलमाश्या शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावली. जाताना आजोबांना म्हणाली, "कागद नाही, सिमेंट नाही. वचन द्या." आजोबांनी हात वर करून वचन दिले.

हिवाळाभर मी दर रविवारी त्या भिंतीला हात लावला. जानेवारीतही ती कोरडी राहिली. मार्चमध्ये जुना वॉलपेपर काढून आतून नवे प्लास्टर झाले. जोराचा वारा असला की हलकी शिट्टी पुन्हा ऐकू येते. आजोबा पेपर खाली करून म्हणतात, "अगं, वारा येतोय." मी म्हणते, "येऊ द्या."

पलंग मी त्याच भिंतीला लावला आहे. आईला सांगा, हॉटेल बघू नका.