करवंदवालीच्या वाटेवरचे काटे

तेव्हा मी लोणावळ्यात मिशनचा उपदेशक होतो. स्वर्गाची वाट काट्यांची आहे, हे मी दर आठवडी बाजारात घसा फोडून सांगायचो. करवंदं विकणारी एक म्हातारी ते मुकाट ऐकायची.

एकदा लोहगडवाडीला निघालो, तर पुढे तीच. अनवाणी, डोक्यावर रिकामी पाटी. वाटेत काटा दिसला की थांबायची आणि पायाच्या बोटांत धरून बाजूला टाकायची.

"मावशी, तुमच्या तळव्यांत काटा कसला रुततोय?" मी हसलो.

"माज्या न्हाई रुतत. मागनं येनाऱ्याच्या रुतंल की. तुमच्या सोरगाच्या वाटंवरचं कोन उचलतं, बाबा?"

मी तिला बाप्तिस्म्याचं विचारणार होतो, पण कोणी कोणाला तारायचं तेच कळेना. रोज प्रार्थनेला गुडघे टेकणारा मी पुढच्या काट्यासाठी वाकलो, तर पोट आडवं आलं.