टॅक्सीचा टायर आणि वेसाव्याचा नारळ

नारळीपौर्णिमेच्या सकाळी आम्ही अंधेरीहून निघालो तेव्हा आमची अर्धी चाळ निरोप द्यायला उभी होती. असं लिहिलं की मोठं वाटतं. खरं म्हणजे आमची गाडी फाटकाबाहेर तरी पोचते का, हे त्यांना बघायचं होतं.

गाडी म्हणजे आमच्या ह्यांची जुनी बुलेट. तिच्या डाव्या अंगाला साइडकार (एका माणसाला पाय लांब करून बसता येईल असा, स्वतःचं एक चाक असलेला डबा) जोडलेली, आणि मागच्या चाकाला मोटरसायकलचा नव्हे, फियाट टॅक्सीचा टायर! तिकडे माहेरी, कणकवलीत, तुम्ही बुलेट पाहिली असेल, फियाटही पाहिली असेल. पण त्या दोघांचं लग्न लागलेलं पाहिलं नसेल. मी त्या वरातीत बसले, म्हणून हे सगळं तुम्हाला कळवते आहे.

साइडकार जोडली ती दादांसाठी. दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, राहायला मुलुंडला. गिरणीत अपघात झाला आणि त्यांचा एक गुडघा कायमचा ताठ झाला. तो पाय रिक्षात मावत नाही आणि बसमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतो. एकदा टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं करून त्यांना आमच्याकडे आणलं, तर उतरल्यावर म्हणाले, "मयताक आणतत तसा आणलास माका. परत नाय." तेव्हापासून त्यांनी मुलुंड सोडलं नव्हतं.

आता माझ्या सासरची रीत अशी, की नारळीपौर्णिमेचा नारळ घरातल्या थोरल्यानं स्वतःच्या हातानं समुद्राला द्यायचा. दादा तरुणपणी मालवणकडे होडीवर होते. हे मात्र लहानपणीच मुंबईत आले, त्यांना होडीतलं ओ की ठो कळत नाही. आणि मी तर घाटाच्या पायथ्याची, मला नदीसुद्धा गुडघ्यापर्यंतच ठाऊक. असे आम्ही दोघं अपघातानंतर दरवर्षी दादांनी हात लावून दिलेला नारळ वेसाव्याला (अंधेरीच्या पश्चिमेचा कोळीवाडा) नेऊन सोडायचो, आणि तिकडे दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. यंदा ते स्वतः जातील, असा ह्यांनी पणच केला.

पण साइडकारच्या ओझ्यानं मागचा टायर झिजायला लागला. नवा घातला, तर एक हंगामही काढला नाही, करवंटीसारखा गुळगुळीत झाला. हे मरोळच्या कारखान्यात फिटर. विचार करायला लागले की जेवायचं विसरतात. एके दिवशी आमटीत बोट बुडवून ताटाच्या काठावर मला दाखवलं. नुसती मोटरसायकल वळताना कलते, म्हणून तिचा टायर गोल लागतो. साइडकारवाली कलतच नाही, मग तिला सपाट टायर का चालू नये? मोटारीचा टायर, चौपट टिकेल! मग कुर्ल्याच्या भंगारातून लहान रिम आली, घाटकोपरच्या एका कारागिरानं तिच्यात बुलेटचा हब (चाकाचा मधला तुंबा) नव्या तारांनी बांधून दिला, आणि मागचा चिमटा (चाक धरणारे दोन लोखंडी हात) कापून रुंद करून घेतला. एका टॅक्सीवाल्या मित्रानं टायर दिला. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तो बघून म्हणाला, "वहिनी, आता मीटर पण लावा ना यार!" मी त्याला म्हटलं, "लावू की. पहिलं गिऱ्हाईक तू."

तर मी साइडकारमध्ये, मांडीवर नारळीभाताचा डबा. मरोळपर्यंत प्रवास राणीसारखा झाला. बसच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती आणि मी पदर सावरून सरळ समोर बघत होते. साकीनाक्याच्या चिखलातून ट्रकवाले घसरत होते. आमचा टायर रस्ता धरून होता.

पवईच्या अलीकडे एक डावं वळण आहे. हे त्याच तोऱ्यात वळले आणि माझा डबा जमीन सोडून वर उठला. साइडकारचं चाक हवेत! मी ओरडले की देवाचं नाव घेतलं ते आठवत नाही. दोन्ही हातांनी ह्यांची बाही धरून ओढली, म्हणजे नेमकं करू नये ते केलं. कसंबसं चाक खाली आपटलं. हे पांढरेफटक पडले होते. त्यानंतर प्रत्येक डाव्या वळणाला आमची गाडी गोगलगाय व्हायची आणि मागची बस भोंगा वाजवून आमच्या सात पिढ्यांची आठवण काढायची.

भांडुपला हवा भरायला थांबलो. पंपावरच्या माणसानं टायर पाहिला आणि मोटारीला भरतात तेवढी हवा ठासली. हलक्या गाडीला एवढी हवा कशाला? पुढे आग्रा रोडच्या प्रत्येक खड्ड्यावर आम्ही चेंडूसारखे उडालो, डब्याचं झाकण निघालं आणि नारळीभाताचा पहिला घास रस्त्यानं खाल्ला. ह्यांनी गाडी बाजूला घेऊन आगकाडीच्या टोकानं हवा सोडली. तोवर माझ्या नव्या लुगड्याला गूळ लागलेला होता.

मुलुंडला जाऊबाईंनी चहा दिला. दादा खाटेवर बसले होते. नारळ त्यांच्या शेजारी लाल फडक्यात तयार होता. त्यांनी तो उचलला, कपाळाला लावला आणि नेहमीसारखा ह्यांच्यापुढे धरला.

ह्यांनी हात पाठीमागे नेले. "यंदा मी नाही नेणार, दादा. तू ने."

"उगाच बोला नको. धर."

"नाही धरणार."

दोघे भाऊ सारखेच हट्टी. मला वाटलं, आता नारळ घरीच फुटतो. शेवटी दादा कुबडी घेऊन उठले आणि दारात आले. साइडकारकडे त्यांनी पाहिलंच नाही. मागच्या टायरवर कुबडीनं ठोकलं.

"ह्यो मोटारीचो मां?"

"होय."

"कित्या?"

"लवकर झिजत नाही. वर्षानुवर्षं चालतो."

दादांनी टायरच्या नक्षीवरून कुबडीचं टोक फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे माका परत परत नेवचो इचार आसा तुझो."

ह्यांनी साइडकारची बैठक पुसायला घेतली. एका दिवसाच्या हौसेसाठी कोणी असा टायर घालत नाही, हे दादांनी कोणी न सांगता ओळखलं होतं. ते साइडकारमध्ये बसले. ताठ पाय सरळ पुढे गेला आणि बरोब्बर मावला. मावायलाच हवा होता, ह्यांनी झोपलेल्या भावाचा पाय दोरीनं मापून नेला होता.

मी मागच्या सीटवर बसले आणि आम्ही आल्या वाटेनं परत निघालो. दादांनी नारळ मांडीवर धरला होता. कांजूरला पहिलं डावं वळण आलं, आम्ही गोगलगाय झालो. पुढचं आलं, परत गोगलगाय. श्रावणातली एक सर येऊन गेली, पण दादांनी डोक्यावर काही घेतलं नाही.

"हळू कित्या करतस रे?"

"डाव्या हाताला वळलं की तुझ्या बाजूचं चाक उचलतं, दादा."

"उचालता?" दादांनी बाहेर वाकून आपलं चाक बघितलं. मग मला बुलेट दिसली, साइडकार दिसली, दोघींना जोडणाऱ्या आडव्या दांड्या दिसल्या. पण दादांना काय दिसलं ते त्यांच्या आवाजातच कळलं. "अरे, ही तर उलांडी!"

उलांडी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मंडळींना ठाऊक नसेल. किनाऱ्यावरची अरुंद होडी उलटू नये म्हणून तिच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी ओंडका जोडतात, ती उलांडी. वाऱ्यानं ती पाण्याबाहेर उचलायला लागली की एक माणूस दांड्यावरून बाहेर जातो आणि आपल्या वजनानं तिला खाली दाबून धरतो. ते काम दादांचं होतं.

"सुमन, धर ह्यो." त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "आता सोड गाडी. हळू करू नको. मी आसंय."

पवईच्या तलावाजवळचं डावं वळण आलं. हे घाबरत घाबरत, पण वेगात शिरले. दादांनी डाव्या हातानं साइडकारचा काठ धरला आणि कंबरेपासून सगळे बाहेर झुकले, इतके की त्यांचा सदरा रस्त्याच्या कडेच्या गवताला लागला. चाक जमिनीला चिकटून राहिलं. तो रुंद टायर मागून रेटत होता, गाडी वळणातून सुरीसारखी निघाली, आणि दादा सरळ होऊन ओरडले, "हो-ओ-ओ!" सोळा वर्षांच्या पोरासारखे! मी मागे बसून रडत होते आणि हसत होते. माझा दीर आहे हा, असं त्या तलावाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग अंधेरीपर्यंत एकही वळण त्यांनी सोडलं नाही. नसलेल्या वळणांनाही दोनतीनदा झुकले.

वेसाव्याला ओहोटी लागली होती. कोळणी दागिने घालून, नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघाल्या होत्या, होड्यांवर पताका होत्या. एरवी मोटरसायकल वाळूत रुतते. ह्यांनी टायरची आणखी थोडी हवा सोडली, ओली घट्ट वाळू बघितली आणि गाडी थेट पाण्यापर्यंत नेली. एक कोळी गृहस्थ धावत आले. मला वाटलं, आता ओरडणार.

"ओ शेठ, टायर कुठला हा? आमच्या बर्फाच्या गाडीला पायजे असा!"

ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं, रिम, तारा, चिमटा, हवा. इतकं सविस्तर सांगितलं की शेवटी मीच खाकरले.

दादा कुबडी टेकून पाण्यात उतरले, ताठ पायासकट. कोणी हात दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही. नारळ पाण्यावर ठेवला आणि लाटेनं तो घेईपर्यंत वाकून उभे राहिले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. ते त्यांचं आणि समुद्राचं.

दिवेलागणीला मुलुंडला परत आलो. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ह्यांना विचारलं, "नीट बसवून नेलात ना त्यांना?"

उत्तर दादांनी दिलं. "बसान नाय गेलंय गो. मी कामाक गेल्लंय."

जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रात्री जेवताना दादांनी नारळीभात मागून घेतला. अपघातानंतर त्यांनी काही मागून घेतल्याचं जाऊबाईंना आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच परत निघालो. मी खाली वाकून टायरवर बोट फिरवलं. नक्षी जशीच्या तशी होती. सगळी चाळ ज्याला हसली त्या टायरनं एका माणसाला त्याचं काम परत दिलं, आणि तो आणायची अक्कल माझ्या नवऱ्याची, हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही.

तलावाजवळचं वळण आलं. ह्यांनी सवयीनं वेग कमी केला.

"हळू कशाला?" मी रिकामा डबा पायांत दाबला, काठ धरला आणि बाहेर झुकले. "सोडा तशीच. मी आहे."