न आठवणारा गोल

सगळे माझ्या पाठीवर थापा मारत होते आणि कशाबद्दल, ते मला कळत नव्हतं.

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टर्समागचं मैदान. सेमीफायनल संपली होती. माझ्या हातात ग्लुकोजच्या पाण्याची बाटली होती, अर्धी रिकामी. म्हणजे ती मीच प्यायलो असणार. ऊन पाण्याच्या टाकीच्या पलीकडे गेलं होतं. मला शेवटचं आठवत होतं ते पहिल्या हाफमधलं. कोपऱ्यातून कॉर्नरचा बॉल वर आला, मी उडी मारली, आणि त्यांच्या डिफेंडरचं डोकं माझ्या कानाच्या वर आदळलं. तेव्हा स्कोअर एक-एक होता. आता फळ्यावर खडूनं दोन-एक लिहिलेलं होतं.

आमचे मॅनेजर भास्करभाऊ आले. ते रेल्वेतून रिटायर झालेले आहेत आणि टीम स्वतःच्या हिमतीवर चालवतात. त्यांनी माझा गाल ओढला.

"फायनलमंदी असाच एक पाह्यजे, मंगेश."

तेव्हा मला समजलं की दुसरा गोल मी केला आहे.

मी हसलो.

माझं काम काय आहे ते आधी सांगतो. मी स्ट्रायकर आहे, म्हणजे सर्वांत पुढे खेळून गोल करणारा. अमरावतीत बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण हॉस्टेलचा खर्च फुटबॉलवर निघतो. आमच्या भागात लहान-मोठ्या स्पर्धा चालू असतात आणि टीम बाहेरचे खेळाडू बोलावतात. त्याला गेस्ट प्लेयर म्हणतात. मी आधी अकोल्यात खेळलो, मग पातूरला, मग अकोल्यातल्याच दुसऱ्या टीमकडून, आणि आता बडनेऱ्याला. चार वर्षांत चार जर्सी. स्ट्रायकरला कोणी सांभाळून ठेवत नाही. तीन मॅच गोल झाला नाही की भांडण होत नाही, फक्त फोन यायचा बंद होतो.

माझी खरी कमाई हेडरवर आहे. हेडर म्हणजे बॉल कपाळानं मारणं, तोही डोळे उघडे ठेवून. डोळे मिटले की बॉल टाळूला लागतो आणि कुठेही जातो. माझी उंची बेताचीच आहे. पण मी इतरांपेक्षा उशिरा घाबरतो, असं माझे पहिले कोच म्हणायचे.

त्या दिवशी ही भीती वेळेवर आली. मधल्या पाऊण तासात मी धावलो होतो, पास मागितले होते, कोणाला तरी शिव्याही दिल्या असतील, आणि त्यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं.

सांगायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण तेवढ्यात काळे सर बाकापाशी आले. ते एका सरकारी डिपार्टमेंटच्या टीमचे कोच. त्यांनी माझ्या आधीच्याही दोन मॅच पाहिल्या होत्या. म्हणाले, आमच्याकडे एका स्ट्रायकरची जागा आहे, एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, पुढे कायमचंही होऊ शकतं. फायनलला परत येतो, तेव्हा ठरवू.

आमची पातूर रोडला थोडी भाजीची जमीन आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर. बाबा आणि आई पहाटे अकोल्याच्या बाजारात जातात. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे कॉलेजात काय चालतं ते बाबा मलाच विचारतात, आणि मला काही विचारायचं असलं तर कोणाला विचारायचं हे मला कधी कळलं नाही. पगाराची नोकरी आमच्या घराच्या इतक्या जवळ यापूर्वी कधी आली नव्हती. मी सरांना "हो सर" म्हणालो.

पण आपलाच गोल आपल्याला सांगता आला पाहिजे. टीममधल्या पोरांना विचारलं असतं तर गोष्ट भास्करभाऊंपर्यंत गेली असती. म्हणून मी अन्वरभाईला विचारायचं ठरवलं. तो आमचा गोलकीपर, वयानं मोठा, अकोल्यात मोटरसायकलचं गॅरेज चालवतो. अकोल्याला परत जायची त्याची ट्रेन होती. त्याला स्टेशनवर सोडायला मी चालत गेलो आणि वाटेत सहज विचारल्यासारखं विचारलं, लांबून कसा दिसला गोल?

"अबे, लय भारी," अन्वरभाई म्हणाला. "साइडनं क्रॉस आला, तू छातीवर घेतला, खाली पडू नाही देला, अन् लेफ्टनं हाणला. सीधा वरच्या कोपऱ्यात."

मी ते पाठ केलं. क्रॉस, छाती, लेफ्ट, वरचा कोपरा. परीक्षेच्या उत्तरासारखं.

संध्याकाळी टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ आले. गोलचा एकही नव्हता. फक्त गोल झाल्यानंतरचा नाच होता. त्यात मी होतो. हात वर करून हसत होतो, कोणाच्या तरी खांद्यावर चढलो होतो. मी तो व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला. तो मुलगा माझ्यासारखाच दिसत होता, पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला अजिबात ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उलटी झाली. लायब्ररीत ट्यूबलाइट डोळ्यांत टोचायला लागली. एकच ओळ परत परत वाचत होतो. हजेरीच्या कागदावर सही करताना रोल नंबर आठवेना. मागच्या मुलीनं पेन मागितलं तेव्हा मी तसाच बसलो होतो. मोबाइलवर शोधलं तर लिहिलं होतं, डोक्याचा पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. मी मोबाइल उलटा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला आणि तेच वाचलं.

आईचा फोन आला की आवाज नेहमीसारखा ठेवायचो. तरी तिनं एकदा विचारलंच, "आवाज कावून असा येऊन राहिला रे?" परीक्षा जवळ आली, असं सांगितलं. पुढे तिनं काही विचारलं नाही. परीक्षेतलं आपल्याला काय कळतं, असं तिला वाटतं.

प्रॅक्टिसला पहिला क्रॉस आला आणि माझे डोळे मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. बॉल टाळूवरून मागे गेला. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला मी मुद्दाम उशिरा उडी मारली, म्हणजे बॉल डोक्यावरून निघून जाईल.

"डोये मिटून काय मारून राहिला बे?" भास्करभाऊ ओरडले. "आतमंदी कोन दिसून राहिली तुले?"

पोरं हसली. मीही हसलो. नंतर मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की भाऊ, त्या दिवसापासून डोकं थोडं दुखतं. एवढंच सांगू शकलो. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही म्हणाले, आणि चहा मागवला. चहा पिताना हळूच म्हणाले, "सरांपुढे हे बोलू नको. दुखऱ्या पोराले कोनी घेत नाही." ते वाईट माणूस नाहीत. माझी जागा व्हावी असं त्यांनाही मनापासून वाटत होतं.

फायनलच्या दिवशी मी सकाळपासून मनातल्या मनात कॉर्नर मोजत होतो. एका मॅचमध्ये आठ-दहा येतात. त्यातले निम्मे आपले. म्हणजे चार-पाच वेळा उडी मारायची. यातल्या कोणत्या उडीत दुसरा मार बसेल?

वॉर्मअपच्या आधी काळे सरांनी मला गोलच्या नेटमागे बोलावलं. ते हसत होते.

"सेमीफायनलच्या गोलबद्दल सांग रे जरा."

मला वाटलं, हाच इंटरव्ह्यू. मी सरळ उभा राहिलो आणि सांगितलं. क्रॉस आला सर, छातीवर घेतला, खाली पडू दिला नाही, लेफ्टनं मारला, वरच्या कोपऱ्यात.

त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"मी इथंच उभा होतो," ते म्हणाले. "याच नेटला टेकून. क्रॉस नव्हता, फ्री किक होती. तू बॉलकडे पाठ करून उभा होतास. बॉल तुझ्या पाठीला लागून आत गेला."

मी मान वळवून गोलकडे पाहिलं.

"सगळे नाचले, मग तू बॉल काढायला नेटमध्ये आलास. आणि मला विचारलंस, सर, आपल्याला कोणत्या बाजूला मारायचंय? मला वाटलं, पोरगा गंमत करतोय."

मी नेटची दोरी धरली. आठवडाभर मला वाटत होतं की त्या वेळात मी निदान चांगला खेळलो असेन. मी तर मैदानात हरवलो होतो, आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"आठवत नाही ना तुला?"

"नाही सर."

"उलटी?"

"एकदा झाली."

"आज खेळायचं नाही."

मी म्हटलं, सर, पण ती जागा. त्यांनी नजर वळवली नाही. म्हणाले, "जागा आज पाहून द्यायची आहे. आज तू दिसणार नाहीस. खोटं सांगून काय करू?"

भास्करभाऊंना त्यांनीच जाऊन सांगितलं. भाऊंनी माझी जर्सी मागून घेतली आणि पूर्ण मॅचभर माझ्याशी बोलले नाहीत. मी रेषेबाहेर बसलो. प्रत्येक कॉर्नरला मान खाली घालत होतो. आम्ही एक-शून्यनं हरलो. समोरच्या स्ट्रायकरनं कॉर्नरवर हेडर मारला, डोळे उघडे ठेवून. काळे सरांनी त्यालाच घेतलं. त्यांची चूक नव्हती.

अमरावतीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला हादरा बसला आहे. स्कॅनमध्ये धोक्याचं काही नाही. पण सहा आठवडे खेळ बंद, अभ्यासही बेतानं. तो पाऊण तास परत आठवेल का, असं मी विचारलं. बहुतेक नाही, म्हणाले.

अन्वरभाईला मी फोन केला. राग धरला नव्हता, फक्त जाणून घ्यायचं होतं.

"अबे, मी दुसऱ्या टोकाले होतो," तो म्हणाला. "मधात धूळ किती होती. मले तं फक्त तुमी नाचताना दिसले."

"मंग तसं सांगितलं कावून?"

"तू इतक्या आशेनं विचारलं यार. हलका गोल कसा सांगू?"

शंभर मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाला मी माझा गोल विचारला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गोलकीपर हा मैदानावर समोरच्या गोलपासून सर्वांत दूर असणारा माणूस. चार वर्षं हाच खेळ खेळून मला ते सुचलं नाही.

या सीझनला अकोल्यातल्या एका नव्या टीमनं बोलावलं आहे. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या कोचना सगळं सांगितलं. सांगताना घाम आला. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, मंग कॉर्नरले तू मागं राह. आता कॉर्नर आला की मी मधल्या रेषेवर उभा असतो. छाती तरीही धडधडते. यंदा माझे गोल कमी झालेत आणि फोनही कमी येतात.

डोक्याला लागल्यावर पुढचं आठवत नसेल तर ताबडतोब बाहेर यावं आणि कोणाला तरी सांगावं. हे प्रत्येक कोच सांगतो. बाहेर आलं की जागा जाते, हे कोणी सांगत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही माहीत असूनही बाहेरच यायचं आहे.