आधी देवधरला विचारा

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या गिंडीच्या पंप कंपनीतले तर सगळे माझ्याच इनबॉक्समध्ये साचतात. एकदा मी मदतीच्या नावाखाली फिरणारी एक खोटी मेल पकडली आणि तेव्हापासून नियमच पडला: अशी मेल आली की आधी देवधरला विचारायचं, मगच फॉरवर्ड करायची. देवधर म्हणजे मी. माझा प्रश्न ठरलेला, "कशावरून खरी?" मेलमध्ये दिलेला नंबर लागला नाही की मेल बाद. पण डिलीट करताना दर वेळी वाटतं: एखादी खरी असली तर?

*

अकाउंट्सचे गुरुमूर्ती राव तंजावरकडचे मराठी. एकदा त्यांची मेल आली: आजारी मुलासाठी ही पुढे पाठवा, नाहीतर घरात अनर्थ होईल.

"राव, ही सरळ सरळ खोटी आहे."

"ठाऊक आहे पा," ते म्हणाले. "तरी भय वाटलं. म्हणून तुम्हाला पाठवलों. तुम्ही भीत नाही की."

त्या दिवशी मी घरी तीनदा फोन केला.

*

मग एका मुलीचा फोटो आला. पोंगलला तिच्या हृदयाला भोक होतं, उन्हाळ्यात किडनी गेली, दिवाळीला कॅन्सर.

"फोटो तोच आहे, राव. बघा नीट."

रावांनी चष्मा पुसून पाहिलं. "अय्यो पावम," ते हळहळले, "एकाच पोरीला इतके रोग!"

*

एकदा मात्र एका आजारी मुलाच्या मेलमधला नंबर चक्क लागला. रावांनी स्पीकरवर तमिळमध्ये चौकशी केली. पलीकडे मुलाचे वडील होते.

"मुलगा कधीच बरा झाला, आता कॉलेजात आहे," ते म्हणाले. "मदत पुरे, अशीही मेल मी पाठवली होती. ती कोणी फॉरवर्ड करत नाही."

आम्ही खूप हसलो. जागेवर आल्यावर मात्र मी डिलीट केलेल्या मेल पुन्हा चाळल्या. म्हणजे ती मेल कधीतरी खरी होती.

*

केतकीला, माझ्या बायकोला, बाळंतपणासाठी अड्यारच्या हॉस्पिटलात नेलं. बाळ झालं, पण रक्तस्राव थांबेना. ओ निगेटिव्ह रक्त ताबडतोब हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. पुण्याहून तिच्या भावाने स्वतःचा नंबर देऊन ओळखीच्या सगळ्यांना मेल टाकली. घाईत नाव लिहिलं माहेरचं, केतकी साने. ते आमच्या ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं.

ऑपरेशन थिएटरबाहेर मी सुचेल त्याला फोन लावत होतो. इतक्यात रावांची मेल आली. खाली तीच मेल जोडलेली.

"नंबर सारखा एंगेज येतो. माझं रक्त हेंच आहे. खरी असली तर आत्ता निघतों. तुम्ही सांगेपर्यंत बाकीच्यांना थांबवून ठेवलों आहे."

मी कसंबसं टाइप केलं, "खरी आहे."

लगेच उत्तर आलं.

"कशावरून?"