एकशे साठ साखळ्यांचा मैल

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी मला परतीचं तिकीट अलीकडचं करून घ्यायला सांगितलं. ते ऑगस्टमध्ये टेक्सासला, प्लेनोला आमच्याकडे आले होते, सहा महिन्यांसाठी. म्हणजे सव्वीस आठवड्यांतले नऊ झाले होते आणि सतरा उरले होते. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "सतरा फार होतात. दिवाळीला घरी असलेलं बरं."

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी दिवाळीला त्यांच्याशिवाय कोणी असणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"इथे काही कमी पडतंय का?" मी विचारलं.

"कमी काही नाही रे. काम नाही."

बाबांनी चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. शेताच्या हद्दी मोजायच्या, नकाशा काढायचा, भांडणारे दोन भाऊ समोरासमोर उभे करून मध्ये दगड रोवायचा, हे त्यांचं काम. इथे आमच्या गल्लीत एकाही घराला दुसऱ्याशी भांडण नाही. सगळी कुंपणं सारख्या उंचीची. बाबा सकाळी चक्कर मारून यायचे, पेपर मोबाइलवर वाचायचे आणि मग साडेदहा वाजलेले असायचे.

नातीशी त्यांचं जमेल अशी माझी आशा होती. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. तिला मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. बाबांना इंग्रजी वाचता येतं, बोलताना थांबतात. मी एका आठवड्यात सहज मोजलं. दिवसाला दोघांत मिळून सरासरी सहा वाक्यं व्हायची आणि त्यातली दोन शेजारच्या कुत्र्याबद्दल असायची.

बायको म्हणाली, "मोजत काय बसलायस? बाबांना सांग ना, तुम्ही राहावं असं वाटतं म्हणून."

सांगायला हवं होतं. मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, दिवाळीआधीची एक सीट धरून ठेवतो, पण पुढच्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत नक्की सांगा. सोमवार म्हणजे तेरा दिवस. मी कॅलेंडरवर खूण केली.

त्याच आठवड्यात मुलीला टेक्सासच्या इतिहासाचा प्रोजेक्ट मिळाला. तुमचं घर आज जिथे आहे ती जमीन पहिल्यांदा कोणाला मिळाली, शोधा. तिने घराचे कागद मागितले. सगळे कागद माझ्याकडे एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेले आहेत, त्यामुळे दोन मिनिटांत सापडले. आमचं घर ज्या जुन्या मोजणीत येतं त्या मोजणीला एका वसाहतकऱ्याचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो बायको-मुलांसह बैलगाडीने पूर्वेकडून इथे आला होता. तेव्हा या भागात लग्न झालेल्या माणसाला सहाशे चाळीस एकर जमीन मिळायची आणि एकट्याला तीनशे वीस. मुलीने हे जेवताना इंग्रजीत सांगितलं, मी बाबांना मराठीत सांगितलं.

बाबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "म्हणजे बायकोचे तीनशे वीस," ते म्हणाले. "तुझ्या आईला हे कळायला हवं होतं. मला कायम म्हणायची, तुमच्या संसारात माझं म्हणून काय आहे?"

मुलीने विचारलं, "आजोबा, डिड यू मेजर सो मच लँड? सहाशे चाळीस एकर?"

"एका माणसाचं एवढं कधी नाही. आमच्याकडे चार एकरात सहा भाऊ."

राज्याच्या जमीन दप्तराच्या वेबसाइटवर त्या मूळ मोजणीचा कागद होता. मुलीने तो उघडला आणि पाच मिनिटांनी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "आय कान्ट रीड धिस. इज धिस इव्हन इंग्लिश?"

इंग्रजीच होतं, पण टाकाने जोडून लिहिलेलं, वळणावळणाचं. इथल्या मुलांना असं अक्षर शाळेत नावापुरतं शिकवतात. मलाही अर्धंच लागत होतं. बाबा खुर्चीवरून उठले, चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागले. नोकरीला लागले तेव्हा जुनं रेकॉर्ड सगळं अशाच अक्षरातलं होतं, साहेबाच्या काळातलं. ते वाचत होते आणि मुलगी टाइप करत होती. ओढ्याच्या काठावर खुंटी, तिथून उत्तरेला एकोणीसशे, मग पश्चिमेला तेवढंच, मग दक्षिणेला, मग परत पूर्वेला सुरुवातीच्या खुंटीपर्यंत. प्रत्येक कोपऱ्याजवळच्या दोन झाडांची जात, जाडी, दिशा आणि अंतर.

"झाडं कशाला?" मुलीने या वेळी मराठीतच विचारलं.

"साक्षीदार," बाबा म्हणाले. "खुंटी कोणी उपटली तरी झाडं सांगतात ती कुठे होती. आम्ही विहीर धरायचो. विहीर कोणी रात्रीतून हलवत नाही."

त्या संध्याकाळची वाक्यं मी मोजली नाहीत.

कागदातलं एकोणीसशे हे माप फुटांत किंवा यार्डांत नव्हतं, ते व्हारात होतं. व्हारा हे स्पॅनिश वेळेपासूनचं माप. टेक्सासमध्ये जमिनी त्यात मोजल्या गेल्या. त्याचे फूट करायचं काम मी माझ्याकडे घेतलं. बाबा म्हणाले, "तू कर. कॉम्प्युटरवाला तू." काउंटीच्या नकाशावर जुनी हद्द पुसट रेघेने दाखवलेली होती. सुरुवातीचा कोपरा आज दोन मोठ्या रस्त्यांच्या चौकात येत होता आणि तिथून उत्तरेकडे जाणारी बाजू रस्त्याला लागून सरळ जात होती. जुन्या हद्दींवरूनच पुढे रस्ते पडले, त्यामुळे ती बाजू फुटपाथवरून चालत मोजता येण्यासारखी होती.

मुलगी म्हणाली, "कॅन वी ॲक्चुअली डू इट?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शनिवार म्हटलं.

शुक्रवारी मी हार्डवेअरच्या दुकानातून शंभर फुटांची टेप आणली. बाबांना ती नको होती. "शंभर फुटाला झोळ पडतो. तेहतीसला खूण कर." तेहतीस फूट म्हणजे त्यांची साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. लहानपणी आमच्या घरात तेहतीस हा आकडा पाढ्यांच्याही आधी पाठ व्हायचा. मी टेपवर तेहतीस फुटांवर लाल चिकटपट्टी लावली. खुणेसाठी तंबूचे दहा खुंट घेतले. रस्त्यावर काम करायचं म्हणून तीन चमकणारी जाकिटंही आणली. बायकोने जाकिटं पाहून हात जोडले.

सकाळी आठला चौकातून सुरुवात केली. पुढे मुलगी, मागे बाबा. तिने टेप ताणायची, बाबांनी मागून हाताने "डावीकडे, अजून, बस" करून तिला रेषेत आणायचं, तिने फुटपाथशेजारच्या गवतात खुंट टोचायचा. मग दोघांनी पुढे जायचं आणि बाबांनी तो खुंट उपटून हातात घ्यायचा. बाबांच्या हातात दहा खुंट जमले की दहा साखळ्या झाल्या. मग मी वहीत एक रेघ मारायची आणि खुंट परत पुढे द्यायचे. माझं काम तेवढंच होतं.

पहिल्या वीस साखळ्यांत मुलीने तीनदा खुंट तिरका टोचला. बाबा तिन्ही वेळा खाली बसले आणि तो सरळ केला. "खुंट तिरका, तर भाऊ तिरके," ते म्हणाले. तिला मी अर्थ सांगितला. ती इतकी हसली की टेप सुटली.

साधारण सत्तराव्या साखळीला कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला थांबवलं. जाकिटं बघून त्यांना वाटलं आम्ही सिटीची माणसं. त्यांच्या घरासमोरचं स्प्रिंकलर महिनाभर फुटलेलं होतं, तक्रार दोनदा केली होती. मी खुलासा करायला तोंड उघडलं तोवर बाबा मान हलवून इंग्रजीत म्हणाले, "टुमॉरो, मॅडम." बाई आभार मानून गेल्या.

"बाबा!"

"काय झालं? चौतीस वर्षं हेच सांगितलं. माणसाला बरं वाटतं."

घरी गेल्यावर मी सिटीच्या वेबसाइटवर त्या स्प्रिंकलरची तक्रार नोंदवली. बाबांनी शब्द दिलेला होता.

माझ्या हिशोबाने बाजू एकशे अठ्ठावन्न साखळ्या आणि वर अकरा फूट भरायची होती. अकराच्या सुमारास आम्ही तिथे पोचलो. समोर एका दाताच्या दवाखान्याची हिरवळ होती आणि तिच्यात काहीही नव्हतं. मुलीने फोटो काढला. बाबा मात्र काठीसारखे उभे राहिले.

"कोपरा इथे नाही," ते म्हणाले.

"कागदाप्रमाणे इथेच आहे."

"सहाशे चाळीस एकर म्हणजे गुंठे किती?"

चाळीस गुंठ्यांचा एकर. "पंचवीस हजार सहाशे."

"वर्गमूळ?"

मी फोन काढायच्या आत मुलगी म्हणाली, "वन सिक्स्टी."

"एकशे साठ साखळ्या. एक मैल. तुझा मैल पंचावन्न फूट कमी आहे."

मी वही उघडली. व्हारा तेहतीस इंच आणि वर एक तृतीयांश इंच असतो, हे मी स्वतः तक्त्यातून पाहिलं होतं. लिहिताना मात्र तेहतीस लिहून पुढे गेलो. माझ्या हाताला दुसरा आकडा माहीतच नाही. एकोणीसशे वेळा एक तृतीयांश इंच म्हणजे बावन्न फूट नऊ इंच. उरलेले सव्वादोन फूट कागदावरच्या आकड्यातच कमी होते, त्याला मी जबाबदार नाही. तीस वर्षं मी लोकांच्या स्प्रेडशीटमधल्या चुका काढून घर चालवतो. ही चूक एखाद्याने माझ्यासमोर ठेवली असती तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

"तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"कागदावर दुरुस्त केलेलं विसरतं. पायाने चुकलेलं राहतं." आणि मग मुलीकडे बघून, "ह्याचे वडील मोजणीदार होते असं कुणाला सांगू नकोस."

"आय ॲम पुटिंग इट इन द प्रोजेक्ट, आजोबा."

पुढची एक साखळी आणि वरचे बावीस फूट बाबांनी घाई न करता मोजले. तिथे फुटपाथच्या काँक्रीटमध्ये नाण्याएवढी पितळी चकती होती, मध्ये बारीक छेद, कडेला घासून गेलेले आकडे. बाबांना गुडघा वाकवायला त्रास होतो. तरी ते बसले, रुमालाने चकती पुसली आणि तिच्यापासून आमच्या शेवटच्या खुणेपर्यंत टेप धरली. आमचं माप छेदापासून एक हात अलीकडे संपत होतं. एका मैलात एक हात. ती चकती त्या वसाहतकऱ्याच्याच कोपऱ्याची आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, रस्त्याच्या कामाचीही असेल. बाबांना तो प्रश्न पडला नाही. मुलीलाही नाही. ती फुटपाथवर पालथी पडून फोटो काढत होती.

उठताना तिने त्यांना हात दिला आणि विचारलं, त्या माणसाच्या आधी इथे कोण होतं? तिच्या पुस्तकात काडो आणि कोमांची या इथल्या मूळ जमातींवर अर्धं पान होतं, पण मोजणीच्या कागदात त्यांच्याबद्दल शब्दही नव्हता. झाडांची जाडीसुद्धा इंचांत दिलेली, आणि माणसं नव्हती.

बाबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "धरणासाठी मी अकरा गावं मोजली. माझ्या नकाशात प्रत्येक झाड आहे, विहिरी आहेत, देऊळ आहे. माणसं लिहायला रकानाच नव्हता. मोजणीदार आला की गावातल्या म्हाताऱ्या दारात उभ्या राहायच्या. एकीने विचारलं होतं, तू मोजतोयस ते आम्हाला द्यायला की आमच्याकडून घ्यायला?"

"व्हॉट डिड यू से?"

"उद्या सांगतो म्हटलं."

मी हे इंग्रजीत करून दिलं. मुलीने ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. नंतर प्रोजेक्टमध्ये सगळ्यात वर तिने तेच लावलं, वसाहतकऱ्याच्या नावाच्याही आधी.

रविवारी दुपारी मी बाबांच्या खोलीत गेलो. दुसऱ्या दिवशी एजंटला सांगायचं होतं. पलंगावर मोठा कागद पसरलेला होता आणि बाबा त्यावर पट्टीने कालची बाजू काढत होते. शेजारी नात पेन्सिलींना टोक करत होती.

"बाबा, तिकिटाचं उद्या सांगायचंय," मी म्हणालो. मग बायकोचं वाक्य आठवून पुढे म्हणालो, "तुम्ही राहावं असं मला वाटतं."

एवढं बोलायला मला बारा दिवस लागले.

बाबांनी वर पाहिलं नाही. "एक बाजू मोजून कुणी नकाशावर सही करत नाही. फिरून सुरुवातीच्या खुंटीला यावं लागतं, तेव्हा चूक किती ते कळतं. अजून तीन बाजू आहेत. पश्चिमेकडे जाणारी नकाशात एका कंपनीच्या आवारातून जाते, तिथे वळसा घालून धरावी लागेल. दिवाळीपर्यंत कसं होईल?"

"नाही होणार," मी म्हणालो.

"मग कळव त्याला तसं." आणि नातीला, "पुढच्या शनिवारी सात वाजता. आठला ऊन होतं."

"शनिवारी ऑर्केस्ट्रा आहे, आजोबा."

"मग रविवारी. आणि बापाला वही देऊ नकोस, तू धर."