अकराच्या आत समता कॉलोनी

आमच्या बीरगावच्या स्टॉपवर बस कमी थांबते, गोष्टीच जास्त थांबतात. सिटी बसचा रूट आतापर्यंत किती वेळा बदलला ते इथं कोणालाच धड सांगता येत नाही. कधी पुलाचं काम, कधी रस्ता वन-वे झाला, तर कधी नुसतंच "ऊपर से ऑर्डर आया है". दर बदलामागे एक तरी किस्सा होतोच. घरी जाऊन सांगितला की आमचे हे पोट धरून हसतात. मीही हसते, पण हसता हसता मधेच गप्प होते, कारण यातल्या निम्म्या किश्श्यांत माझा जीव टांगलेला होता.

कारण पिहू, माझी पोरगी. चार वर्षांची. तिला सगळं समजतं, सांगाल ती वस्तू आणून देते, पण बोलत नाही. नावानं हाक मारली तर ओ देत नाही. समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये एक मॅडम अशा लेकरांना बोलायला शिकवतात. मंगळवार आणि शुक्रवार, बरोबर अकरा वाजता. नंबर मोठ्या मुश्किलीनं लागला. तिथला नियम साफ आहे: तीन नागे, म्हणजे तीन खाडे, झाले की नंबर गेला, मग रांगेतलं पुढचं मूल आत.

स्टॉपवर आमच्यासोबत रोजची दोन माणसं. एक बोरकर काकू, त्या पुरानी बस्तीत एका घरी स्वयंपाकाला जातात. दुसरे वानखेडे काका. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर झाले, तरी रोज पुरानी बस्तीत भावाकडे पेपर वाचायला जातात.

"काहून काका, घरी पेपर येत नाही का?" काकूंनी एकदा विचारलं.

"हव, पेपर येते. भाऊ नाही येत."

*

काकांना एक गोष्ट काही केल्या पचत नव्हती. गाडी आहे आणि टाइम टेबल नाही, हे कसं? म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे स्वतःच टाइम टेबल लिहिलं आणि चहाच्या टपरीला टांगलं. रूट बदलला की आधीचं खोडायचं, खाली नवं लिहायचं. अक्षर छापल्यासारखं. टपरीवाल्यानं तर त्याला अगरबत्ती लावायचीच काय ती बाकी ठेवली होती.

एके दिवशी बस आली, आम्ही चढलो, पण ड्रायव्हर खाली उतरला. टपरीवर गेला, काकांच्या कागदावर बोट ठेवून सगळं वाचलं, परत आला आणि आमच्या कंडक्टरला, दुकालू भैयाला म्हणाला, "आज चौक से नहीं जाना है, पीछे वाले रास्ते से चलेंगे."

बस निघाली. काका खिडकीपाशी बसले होते. दोन चौक गेल्यावर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "पोरी, तो कालचा कागद आहे. आजचा मी अजून लिहिलाच नाही."

त्या दिवशी आम्ही रोजच्यापेक्षा लवकर पोचलो.

*

कागदावर भरवसा नाही म्हटल्यावर काकूंनी दुसरी सोय केली. जिथून बस सुटते तिथं समोरच त्यांची नणंद राहते. तिनं खिडकीतून पाहायचं आणि काकूंना मिस कॉल द्यायचा. एक म्हणजे बस निघाली. दोन म्हणजे निघाली, पण लांबच्या रस्त्यानं. तीन म्हणजे आज बस नाही. फोन उचलायचा नाही, हा पक्का नियम.

एका मंगळवारी फोन वाजला. काकूंनी कापला. पुन्हा वाजला, कापला. तिसऱ्यांदा वाजला, तोही कापला. मग चौथा. पाचवा. सहावा.

"सहा म्हणजे काय ठरलं होतं?" मी विचारलं.

"सहाचं तर काहीच नाही ठरलं," काकू म्हणाल्या.

काकांनी गार्डासारखा विचार केला. "तीन म्हणजे आज बस नाही. मग सहा म्हणजे आजही नाही अन् उद्याही नाही."

हे सगळ्यांना पटलं, हीच तर गंमत. आम्ही सगळे उठलो आणि ऑटो पाहायला पलीकडच्या तिठ्यावर गेलो. ऑटो येत होते ते भरलेले. पिहू माझा पदर ओढत होती, मला वाटलं बिस्किट पाहिजे असेल, म्हणून मी बिस्किट दिलं. ते तिनं घेतलं आणि पदर ओढायचं काही सोडलं नाही. शेवटी वळून पाहिलं तर आमच्या रिकाम्या स्टॉपवरून बस निघून चालली होती. तिलाच फक्त दिसली होती, पण सांगणार कशी?

काकूंनी रागानं नणंदेला फोन लावला. तिकडून आवाज आला, "अवं वहिनी, कवाची फोन करून राहिली, उचलत काहून नाही? परवा तू कुकरची शिट्टी कुठं ठेवून गेलीस?"

तो माझा पहिला नागा.

*

मग एक दिवस बस वेळेवर आली.

म्हणजे काकांच्या कागदावर नऊ चाळीस लिहिलं होतं आणि नऊ चाळीसला बस समोर उभी. स्टॉपवर बारा-पंधरा माणसं, पण एकही जागचं हललं नाही. दुकालू भैया दारात उभा राहून पाहतोय. "चलो ना, बैठो."

"ही आपली नाही," काकू मला म्हणाल्या. "आपली इतक्या लवकर येते का कधी?"

"मागची असंल," कोणीतरी म्हणालं. "नऊची राहिली असंल, ती आत्ता आली."

"अरे, नौ चालीस वाली ही है," दुकालू भैया म्हणाला. बोर्ड दाखवला, मोबाइलमधली वेळ दाखवली. "मेरा मुँह तो पहचानते हो ना?"

तोंड सगळे ओळखत होते, वेळेचाच विश्वास नव्हता. मी तर पिहूला कडेवर घेऊन एक पाय पायरीवर, एक खाली, अशी उभी. चढावं आणि भलतीकडे गेली तर?

शेवटी काका पुढे झाले. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, मग दुकालू भैयाला म्हणाले, "भैया, बस टाइम पे लाना है तो एक दिन पहले बताना चाहिए. लोग तैयार नहीं रहते."

सगळे चढेपर्यंत नऊ पंचावन्न झाले. मग मात्र आम्हाला आपल्याच बसमध्ये बसल्यासारखं वाटलं.

*

आमचे हे उरल्याला फॅक्टरीत आहेत, त्यांना मोबाइलचं जास्त समजतं. त्यांनी माझ्या फोनमध्ये बस कुठं आहे ते दाखवणारं ॲप टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर बसचा ठिपका तलावाच्या मधोमध. दहा मिनिटं झाली, ठिपका हलत नाही.

"बुडाली का वं?" काकूंनी विचारलं.

मी घाबरून यांना फोन केला. हे म्हणाले, "मशीन आहे, थोडंफार इकडंतिकडं दाखवते." तेवढ्यात बस आली. मी दुकालू भैयाला फोन दाखवला. त्यानं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तालाब के अंदर नहीं थे दीदी, किनारे पे थे. ड्रायवर भैया को नाश्ता करना था."

*

दुसरा नागा काकूंमुळे झाला, पण त्यांच्यावर रागावता येत नाही.

त्या शुक्रवारी रूट पुन्हा बदललेला आणि दुकालू भैया सुट्टीवर. ड्रायव्हर नवा, कंडक्टर नवा, दोघंही बाहेरगावचे. स्टेशन ओलांडल्यावर ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं, "अब किधर से?"

भरलेल्या बसमध्ये हे विचारायचं नसतं. जो तो आपल्या घराकडचा रस्ता सांगू लागला. मी मागून "समता कॉलोनी, समता कॉलोनी" म्हणत होते, पण माझा आवाज आपला घरातला. काकू मात्र सरळ जाऊन ड्रायव्हरच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. "सीधा भैया. अब बाएँ. अब वो मंदिर के बाजू से."

तो बिचारा चांगला माणूस, सांगेल तसा वळत गेला. गल्ली अरुंद होत गेली, लोकांच्या ओट्यांना बस घासू लागली, आणि शेवटी पुरानी बस्तीच्या एका गल्लीत एका बाजूला चबुतरा आणि दुसऱ्या बाजूला भिंत, अशी पक्की अडकली. समोर जे दार होतं ते बरोबर काकू स्वयंपाकाला जातात त्याच घराचं.

वरच्या गॅलरीतून त्या घरची सून म्हणाली, "दीदी, आज इतनी बड़ी गाड़ी में?"

काकू उतरल्या, पदर सारखा केला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "शाम को पाँच बजे आ जाना."

बस मागे काढायला तासभर लागला. गल्लीतल्या बायकांनी सगळ्यांना चहा पाजला, पिहूला मुठीत चिवडा दिला. सगळे हसत होते. मी चहाचा कप हातात धरून घड्याळ पाहत होते. अकरा वाजून गेले, साडेअकरा वाजून गेले.

क्लिनिकमध्ये रजिस्टर सांभाळणारी बाई फोनवर म्हणाली, "दूसरा हो गया. अब ध्यान रखना."

*

त्यानंतरच्या शुक्रवारी मी इतकी लवकर निघाले की टपरीसुद्धा उघडली नव्हती. काका आणि काकूसुद्धा माझ्यासोबत लवकर आले, न सांगता. पण पहिली बस आलीच नाही. दुसरी आली ती दहा वाजून गेल्यावर, दुकालू भैयाची. स्टेशन येईपर्यंत तो आमच्याकडे पाहायचं टाळत होता. मग जवळ येऊन म्हणाला, "दीदी, आज से समता कॉलोनी बंद. गाड़ी सीधे पुरानी बस्ती जाएगी."

मी म्हटलं, "भैया, आज तीसरा है."

काका उठून ड्रायव्हरशी बोलायला गेले. "पाच मिनिट का फेर है भैया." ड्रायव्हर म्हणाला, "ऑर्डर है चाचा." तेवढ्यात पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसलेला एक माणूस चिडून म्हणाला, "ये सब नहीं चलेगा. रूट पे चलो, नहीं तो मैं शिकायत करूँगा."

काकू त्याच्यावर उखडल्या. "काहून बा, तुले कुठं जायची एवढी घाई आहे?"

"समता कॉलोनी!" तो म्हणाला. "दो दिन से ढूँढ रहा हूँ, कौन सी गाड़ी जाती है."

अख्खी बस हसली. ड्रायव्हरनं नुसतं स्टिअरिंग फिरवलं.

तरी पोचलो तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. रजिस्टरवाली बाई म्हणाली, "नागा लगेगा." मी उभीच. तेवढ्यात मागून गळ्यात तिकिटाची मशीन घालून दुकालू भैया आत आला. बाहेर बस भरलेली उभी होती.

"मैडम, देर हमने की है. नागा हमारे नाम लिखो."

"ऐसे कैसे? रजिस्टर में जिसका नाम है उसी का लगता है."

"तो मेरा नाम लिख लो."

बाईनं त्याच्याकडे पाहिलं, पिहूकडे पाहिलं आणि पेन उघडलं. "नाम?"

"दुकालू."

"उम्र?"

"बयालीस."

"तकलीफ?"

दुकालू भैया विचारात पडला. बाहेरून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "रूट बदल जाता है," तो म्हणाला, आणि पळाला.

बाईनं हे सगळं लिहून घेतलं आणि त्यापुढे नागा लावला. पिहूला मॅडमनी दहा मिनिटं आत घेतलं.

मंगळवारी आम्ही स्टेशनवर उतरून चालत गेलो आणि साडेदहालाच पोचलो. आयांची रांग, प्रत्येकीच्या मांडीवर मूल. बाई रजिस्टर उघडून हजेरी घेऊ लागली.

"पिहू."

पिहू पंख्याकडे पाहत होती. नेहमीसारखा मीच तिचा हात धरून वर केला.

"दुकालू."

आया एकमेकींच्या मांडीवर पाहू लागल्या, यातला दुकालू कोणता.

"दुकालू, उम्र बयालीस. आया है क्या?"

माझ्या मांडीवरून अगदी स्पष्ट आवाज आला, "हव."

बाईनं मान वर केली नाही. दुकालूच्या नावापुढे हजर लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.